घरी राहणाऱ्या बापाला तुकड्या-तुकड्यांच्या वेळात जमेल असं मराठी लेखनाचं काम कुठे मिळेल?

मॅडमचे_मिस्टर (चिपळूण) · ८ जून

नमस्कार मंडळी.

आधी ओळख. कोल्हापूरच्या एका दैनिकात मी नऊ वर्षं उपसंपादक होतो. जिल्हा आवृत्ती, रात्रपाळी, पान छपाईला सोडायची वेळ साडेबारा. बायको सरकारी बँकेत अधिकारी. तिची बदली चिपळूणला झाली तेव्हा थोरली दोन वर्षांची होती आणि धाकटा पोटात. दोघांचे पगार एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि घरी कोणी राहायचं ते पाच मिनिटांत ठरलं. बँकेतली मंडळी मला ‘मॅडमचे मिस्टर’ म्हणतात, तेच नाव इथे घेतलंय.

आता माझा दिवस. थोरली साडेतीन वर्षांची, बालवाडी साडेनऊ ते बारा. धाकटा अकरा महिन्यांचा. तो दहाच्या सुमारास झोपतो, पण किती वेळ ते त्याच्या मर्जीवर. कधी पन्नास मिनिटं, कधी शेजारच्या कुकरच्या पहिल्या शिट्टीपर्यंत. दुपारी दोघं एकदम झोपली तर त्या दिवशी मी राजा. रात्री साडेनऊनंतर दीडेक तास. बेरीज केली तर रोज तीन तास निघतात, पण सलग तास म्हणाल तर आठवड्यातून दोनदा.

चार महिने हातपाय मारतोय. काय काय झालं ते सांगतो, म्हणजे तेच सल्ले परत यायला नकोत.

एका कंटेंटवाल्यांनी शब्दाला पंधरा पैसे देऊ केले. हजार शब्दांचे दीडशे रुपये. पेपरात मी बातमी दहा मिनिटांत लिहायचो, तेव्हा जमेल असं वाटलं. पण त्यांना ‘पावसाळ्यात केसांची निगा’ या एकाच विषयावर सहा लेख हवे होते, आणि सहाही वेगळे वाटायला हवे होते. तिसऱ्या लेखाला माझी स्वतःचीच केसगळती सुरू झाली.

दुसऱ्यांनी ‘फक्त नमुना’ म्हणून आठशे शब्द फुकट लिहून घेतले. ठिबक सिंचनाच्या अनुदानावर. पुढे उत्तरच नाही. दीड महिन्याने तोच लेख त्यांच्या संकेतस्थळावर दिसला, माझ्या स्वल्पविरामांसकट.

तिसरं काम चांगलं होतं, ते माझ्या हातून गेलं. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला आणि फोनवर बोलून टायपिंग, अशी माझी पद्धत आहे. काम होतं, फक्त फोन सगळंच ऐकतो. संस्थेच्या अहवालात ‘लाभार्थी महिलांनी बचत गटामार्फत बाबा शी झाली कर्ज घेतले’ असं वाक्य गेलं. ते त्यांनी हसून सोडलं. पण पुढचा मजकूर द्यायच्या दिवशी पहिला जोरदार पाऊस झाला, वीज अकरा तास गेली, इन्व्हर्टरने तीन तासांत मान टाकली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवला. पुन्हा काम आलं नाही. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तर सध्याची परिस्थीती अशी. महिन्याला आठ-दहा हजार मिळाले तरी चालेल. मराठी बरी आहे, इंग्रजी वाचून नीट समजतं, बोलताना अडखळतो. अशा मोडक्या वेळात बसणारं, पैसे वेळेवर देणारं काम नेमकं कोणतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. ‘घरी बसून टायपिंग, नोंदणी फी २५०० रुपये’ वाले संदेश माझ्याकडे भरपूर आहेत.

---

उडता_बाण · ८ जून

यूट्यूब चॅनेल काढा दादा. स्टे ॲट होम डॅड व्लॉग. मराठीत असं कोणी करत नाही, एका वर्षात सेट व्हाल.

---

मॅडमचे_मिस्टर · ८ जून

मुलांचे चेहरे विकायचे नाहीत आणि माझा कोणी विकत घेणार नाही. तरी आभार.

---

शेवंती (पुणे) · ९ जून

तुमच्या प्रश्नात ‘परिस्थीती’ आहे. ‘परिस्थिती’ हवं. मुद्रितशोधनाचं, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका काढायचं काम सुचवायला आले होते, आता जरा विचारात पडलेय :)

बरं, ते सोडा. मी एकोणीस वर्षं मुद्रितशोधन करते. त्यातली पहिली सात, पोरं लहान असतानाची. तुम्ही लेखनाचं काम शोधताय तिथेच गडबड होतेय असं मला वाटतं. कोरा लेख लिहायला डोकं सलग लागतं. विषय मनात जमवायचा, सुरुवात सापडायची, आणि तेवढ्यात कोणीतरी उठतं. मग पुन्हा पहिल्यापासून. मुद्रितशोधन मात्र ओळीवर थांबतं. मी कागदावर पट्टी ठेवायचे. बाळ रडलं की पट्टी तिथेच. तासाने परत आले की पट्टीच्या खालच्या ओळीपासून सुरू. तेव्हा पोरीला पट्टीला हात लावायची बंदी होती, बाकी घर तिचं.

तुमच्यासाठी आत्ता हंगाम आहे. दिवाळी अंक. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला काढला, तेव्हापासून सगळ्या संपादकांचा मजकूर उशिराच येत असणार, कारण दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात तीच धावपळ असते. नेहमीचे मुद्रितशोधक तेव्हा चार-चार अंकांत अडकलेले असतात. पण फोन आत्ता जूनमध्ये करा. ऑगस्टमध्ये संपादक फोन उचलत नाहीत, आणि उचलला तर ‘उद्या पाठवतो, परवा द्या’ म्हणतात. परवाचं काम तुम्ही घेऊ नका. तुमच्याकडे वीज नसते.

मोठ्या नावांच्या मागे लागू नका. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरीकडचे छोटे अंक बघा. तिथे संपादक, जाहिरातवाला आणि पार्सल बांधणारा एकच माणूस असतो. नऊ वर्षं पेपरात काढलीत, त्यातले दोन-चार तरी ओळखीचे निघतील. मला गेल्या वर्षी छापील पानाला पंचवीस रुपये मिळाले, दोन वाचनांचे. कमी आहेत, मान्य. पण सोळा पानांचा फॉर्मा चारशेचा होतो, आणि दिवाळीनंतर त्याच संपादकांकडे कवितासंग्रह, स्मरणिका, कोणाच्या तरी काकांचं आत्मचरित्र असं काही ना काही येत राहतं. माझं वर्षभराचं काम असंच जमलं.

एक तांत्रिक गोष्ट, कारण पहिल्याच कामात तुम्ही यात अडकाल. लेखक युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावरच्या नेहमीच्या टायपिंगमध्ये पाठवतात, आणि बऱ्याच ठिकाणी छपाईची जुळणी अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत होते. मजकूर इकडून तिकडे गेला की ‘ऱ्या’ हमखास मोडतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‌या’ नाहीतर ‘दुसर्या’ होतं, ‘सुऱ्या’चा ‘सूर्या’शी संबंध जुळतो. म्हणून पहिलं वाचन फक्त मोडलेल्या अक्षरांसाठी करा: ऱ्या, ऱ्हा, क्ष, ज्ञ, ॲ, ऑ. अर्थ वाचायचाच नाही. हे वाचन मूल मांडीवर घेऊनही होतं. ऱ्हस्व-दीर्घ आणि वाक्यं दुसऱ्या वाचनात, रात्री. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि नंतरची भर समोर छापून ठेवा. पेपरात राहून आपली नजर आपल्या दैनिकाच्या सवयीची होते. माझीही झाली होती.

---

मोहाचं_झाड (नागपूर) · ९ जून

भाऊ, शेवंतीताईंचं बरोबर आहे, पण दिवाळी अंकावर आठ-दहा हजार दर महिन्याला निघत नाहीत. अनुवादाकडे या.

मी डी. फार्म. आहे. लग्नानंतर दुकान सुटलं. दोन पोरं. गेली अकरा वर्षं औषध चाचण्यांची संमतीपत्रं मराठीत आणते. नवीन औषधाची माणसांवर चाचणी असली की भाग घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत सगळं लिहून द्यावं लागतं, तसा नियमच आहे. महाराष्ट्रातल्या दवाखान्यात चाचणी असली की मराठी आलीच. मी मराठी केलं की दुसरा कोणीतरी, मूळ न पाहता, ते परत इंग्रजीत आणतो. मग दोन्ही इंग्रजी ताडून बघतात. याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात. त्यामुळे इथे भाषेची नक्षी चालत नाही, आणि नेमकं लिहिणाऱ्याला किंमत आहे.

आता म्हणाल, मशीन करतं ना. करतं. कंपन्या मशीनचं भाषांतर पाठवतात आणि ‘फक्त सुधारा’ म्हणून निम्मा दर देतात. मागल्या महिन्यात मला आलेल्या फाइलमध्ये होतं: ‘चाचणीदरम्यान विषय गर्भवती राहिल्यास डॉक्टरांना कळवा.’ इंग्रजीत सब्जेक्ट म्हणजे चाचणीत भाग घेणारी बाई. त्याच फाइलमध्ये ‘योनीमार्गातून डिस्चार्ज मिळाल्यास’. हसू येते, पण भंडाऱ्याची एखादी बाई हे वाचून सही करणार असते. अशी फाइल आली की मी पहिली दोन पानं बघते. वाक्यं बरी असली तर कमी दरात घेते. अशी असली तर कळवते, की हे सुधारायला नवीन करण्याइतकाच वेळ लागेल, पूर्ण दर द्या. दहातले सहा मानतात.

तुमच्या वेळेचं म्हणाल तर अनुवादाची सॉफ्टवेअरं असतात, मेमोक्यू, ट्रॅडोस वगैरे. शिकायला ओमेगाटी घ्या, ते फुकट आहे. मजकूर वाक्या-वाक्याच्या चौकटीत फुटतो. एक चौकट भरली, उठा, भात बघा, या, पुढची भरा. आधी केलेलं वाक्य पुन्हा आलं तर ते स्वतःच दाखवतं. शेवंतीताईंची पट्टीच समजा.

आणि दर ठरवताना एक गोष्ट कधी विसरू नका. पैसे मूळ इंग्रजी शब्दांवर मोजायचे, मराठी शब्दांवर नाही. इंग्रजीत ‘इन द हाउस ऑफ द डॉक्टर’ सहा शब्द. मराठीत ‘डॉक्टरांच्या घरात’, दोन. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून मराठी मोजणी नेहमी कमी भरते. पहिली दोन वर्षं मी मराठी शब्दांवर बिलं दिली. किती गेले ते हिशेब करून बघितलं नाही, बघायचंही नाही.

वैद्यकीय तुम्हाला लगेच मिळणार नाही. पण शेतीची माहितीपत्रकं, बँक-विम्याचे फॉर्म, संस्थांचे अहवाल याला पेपरवाला माणूस चांगला. सुरुवातीला मी शब्दाला ऐंशी पैसे घेत होते, आता दीड-दोन रुपये. रुपयाच्या खाली उतरू नका, तुमचा अनुभव आहे.

नमुना मागितला तर अडीचशे शब्द, त्यावर एक शब्दही नाही. आणि मजकूर त्यांनी द्यायचा, विषय तुम्ही निवडायचा नाही. खऱ्या एजन्सीच्या चाचणीत मुद्दाम घातलेले खड्डे असतात, तो मजकूर कुठे छापायच्या कामाचा नसतो. त्यावरूनच खरं-खोटं ओळखू येते.

---

पावतीपुस्तक (डोंबिवली) · १० जून

लेखनातलं मला कळत नाही, मी करसल्लागार आहे. बायको भाषांतरं करते, तिची बिलं मी बघतो, म्हणून लिहितो.

१) तो ठिबक सिंचनाचा लेख तुमचाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तुम्ही नोकर नव्हता, पैसे घेतले नाहीत, सही केली नाही. ईमेल करा: लेख काढा किंवा सोबतचं बिल द्या. बिल खरोखर जोडा. भांडण नको, दोन ओळी पुरे.

२) उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी करा. आधार आणि पॅन लागतं, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी हजार रुपये मागणाऱ्या साइट आहेत, त्या सरकारी नाहीत. नोंदणीचा फायदा असा: २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. शिवाय आता वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येत नाही. कोर्टाच्या धमकीपेक्षा हे त्यांच्या अकाउंटंटला लवकर समजतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापा. बायकोचे नव्वद दिवसांचे ग्राहक पन्नासवर आले, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. मात्र नोंदणी आधी, काम नंतर. उलटं केलं तर वाद होतो.

३) एका ग्राहकाकडून वर्षात ५०,००० च्या वर गेलं की ते १० टक्के टीडीएस, म्हणजे बिलातूनच आगाऊ आयकर कापतील (आधी मर्यादा ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून वाढली). पॅन दिला नाही तर २० टक्के. घाबरू नका, तुमच्या उत्पन्नावर कर बसणारच नाही, रिटर्न भरलं की परत येतात. पण भरलं तरच. सेवांना जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, तोपर्यंत कोणी जीएसटी क्रमांक मागितला तर लागू नाही म्हणून लिहून द्या.

४) ते २५०० वाले. त्यांचा खेळ नोंदणी फीपुरता नसतो. टायपिंग दिल्यावर ‘अचूकता कमी भरली’ म्हणतात, मग वकिलाच्या नावाने नोटीस येते, कराराचा भंग केलात, अमुक हजार भरा. आमच्या इमारतीतल्या एका मुलीने घाबरून दोनदा भरले. कोणाला आली असेल तर पैसे भरू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

---

मॅडमचे_मिस्टर · १० जून

शेवंतीताई, ‘परिस्थीती’ लिहिताना धाकटा मांडीवर होता. हे कारण नाही, हकिकत आहे.

पावतीपुस्तक साहेब, ईमेल आणि बिल आत्ताच पाठवलं. आठशे शब्द, रुपया दराने आठशे रुपये. बायको म्हणाली बाराशे लाव. बँकेतली माणसं.

मोहाचं झाड, तुमचं ते ‘डॉक्टरांच्या घरात’ वाचून मी बचत गटांच्या अहवालाचं जुनं बिल काढलं. तो इंग्रजीतून आला होता आणि मोजले होते मराठी शब्द. तुमच्यासारखाच पुढचा हिशेब केला नाही.

ओमेगाटी उतरवून घेतलंय. दुपारी बघतो, राजयोग असला तर.

---

मॅडमचे_मिस्टर · २ जुलै

राहिलेलं सांगतो.

लेख काढला त्यांनी. पैसे नाहीत, उत्तर नाही, पण पान गायब आहे.

सांगलीकडच्या एका दिवाळी अंकाचं काम मिळालं. संपादक म्हणजे आमच्या दैनिकाचेच जुने वार्ताहर, आता निवृत्त. एकशे साठ पानं, पानाला बावीस रुपये, निम्मे आगाऊ मागितले आणि त्यांनी दिले. मीच चकित झालो. विजेचं आधीच सांगितलं. ते म्हणाले, ‘चिपळूण ना? मग प्रिंट काढून एसटीच्या पार्सलने पाठवतो, कंदिलात वाच.’ खरंच पाठवलं. आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे, खाली जिन्याच्या भिंतीवर २०२१ च्या पुराची खूण माझ्या डोक्याच्या वर दिसते. पार्सल घेऊन चढताना रोज नजर जाते, म्हणून गठ्ठा कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. थोरलीपासूनही तिथेच सुरक्षित.

पट्टी घेतली, लाकडी, बारा इंची. धाकटा ती चावतो, म्हणून आता दोन आहेत.

पहिला फॉर्मा काल रात्री झाला. सोळा पानांत एकशे चौदा दुरुस्त्या, त्यातल्या एकतीस नुसत्या ‘ऱ्या’च्या. अनुवादाची एक चाचणीही दिलीय, विम्याची, दोनशे चाळीस शब्द. त्यात खड्डे होते. दोन तरी मला दिसले.

शेवंतीताई, एक अडचण. अंकात एक ग्रामीण कथा आहे. लेखक ज्येष्ठ. आजी एका पानावर ‘व्हतं’ म्हणते, पुढच्या पानावर ‘होतं’, मग परत ‘व्हतं’. निवेदनात सगळीकडे ‘होतं’ आहे. मी आजीचं एकसारखं करायचं की तसंच सोडायचं?

---

शेवंती (पुणे) · २ जुलै

आजीला हात लावू नका. ती सुनेशी बोलताना ‘व्हतं’ आणि मास्तरांशी बोलताना ‘होतं’ म्हणतेय का ते आधी बघा. लेखक ज्येष्ठ आहेत म्हणता, ते मुद्दामही असेल. तसं नसेल तर पान आणि ओळ लिहून संपादकांना यादी पाठवा, ठरवतील ते. समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह, पेनाने नाही.

आणि बावीसला घेतलंत? पुढच्या वर्षी पंचवीस मागा.

---

मॅडमचे_मिस्टर · ३ जुलै

बघितलं. ‘होतं’ दोन्ही वेळा मास्तरांशीच आहे.

मी तिथे पेन चालवून बसलो होतो. आता व्हाइटनर शोधतोय.